बसल्याचा पगार

खुशालरावाच्या वावरातलं गवत पिवळं पडलं होतं, आणि ते काढायला एकही बाई लागली नव्हती. इंदूबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून पाहत राहिली. कपाशी टवटवीत, गुडघ्याला लागेल एवढी. तिच्या बुडाशी केना, कुंदा, तांदुळजा, सगळं मान टाकून निजलेलं. हवेत गवत मारायच्या औषधाचा उग्र वास होता. तिच्या कमरेला विळा खोचलेला होता, हातात भाकरीचं फडकं होतं, आणि उन्हं चढल्यापासून ती निमखेडच्या शिवारात अशीच फिरत होती.

पाठीवर पंप घेतलेला गडी ओळीच्या टोकाशी आला. तोंडाला रुमाल, पायात काहीच नाही.

"काकू, कायले फिरून राहिली? निंदण संपलं आता."

"धुऱ्याचं तं असन काई?"

"धुऱ्यावरही मारलं सकाऊनच. भाऊनं सांगतलं, एक काडी ठेवू नोको."

गडी वळून पुढच्या ओळीला लागला. या गवताला इंदूबाईनं जन्मभर शिव्या घातल्या होत्या. त्यानंच तिची कंबर वाकवली, बोटांच्या पेरांत काळ्या चिरा पाडल्या, नखं दगडासारखी केली. तेच गवत आज तिच्यापुढं मरून पडलं होतं. ती परत फिरली. रस्त्याच्या कडेला, औषध पोचलं नव्हतं तिथं, तरोटा माजला होता. तिनं बसून त्याची कोवळी पानं खुडली आणि ओटीत भरली. विळा कोरडाच घरी आला.

निमखेडात तीन वर्षं एक अजबच गोष्ट चालली होती. कुठली तरी मोठी संस्था प्रयोग करायला आली होती. तिनं पातूरच्या बाजूचं हे एक गाव निवडलं आणि गावातल्या झाडून सगळ्यांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकायला सुरुवात केली. काम नको, अर्ज नको, दाखला नको. जमीनदार असो की भूमिहीन, माळकरी असो की पिणारा, सगळ्यांना सारखेच. घरात जेवढी डोकी, तेवढे वाटे. गावानं त्याचं नाव ठेवलं, बसल्याचा पगार. पहिले काही महिने लोकांना वाटलं, निवडणूक आली असेल. मग वाटलं, किडन्या काढून नेतील. किडन्या कोणी नेल्या नाहीत, पैसे मात्र येत राहिले.

शहाणी माणसं म्हणत होती, आता निमखेड बसून खाणार आणि दारूत बुडणार. तसं काही झालं नाही. पिणारे आधीही पीत होते, नंतरही प्याले, बाटली तेवढी बरी आली. बाकीच्यांनी दात दाखवले, डोळे तपासले, घरावर टिना टाकल्या. इंदूबाईच्या नवऱ्यानं, जानरावानं, आयुष्यात पहिल्यांदा पाठ टेकली. तो खुशालरावाकडं सालदार होता. लग्नाच्या आधीपासून त्यानं त्या घरचे बैल सांभाळले, पोती वाहिली, आणि पस्तिशीतच त्याच्या पाठीचा मणका सरकला होता. अकोल्याचे डॉक्टर दरवेळी सांगायचे, आराम करा. सालदाराला आराम सांगणं म्हणजे बैलाला गादी सांगणं. पण पगार सुरू झाल्यावर अखजीला, अक्षय्य तृतीयेला सालाची बोली होते तेव्हा, त्यानं पुढचं साल धरलं नाही. वर्षभरात पाठ सरळ झाली. तो ताठ उभा राहिला तेव्हा इंदूबाईला कळलं, आपला नवरा चांगला उंच आहे.

आणि त्यांची पोरगी नीलम कॉलेजात गेली. पातूरला, बीएस्सीला. भीमनगरातल्या, म्हणजे त्यांच्या बौद्ध वस्तीतल्या, पोरी दहावीनंतर वावरात दिसायच्या, त्या आता तोंडाला स्कार्फ बांधून एसटीच्या फाट्यावर दिसायला लागल्या.

इंदूबाई निंदण-वेचणीच्या टोळीची म्होरकी. पूर्वी तिन्हीसांजेला कोणी कास्तकार मजूर सांगायला येतो का, म्हणून बाया दाराकडं कान लावून बसायच्या. पगाराच्या पहिल्या पावसाळ्यात खुशालराव स्वतः मोटारसायकल घेऊन भीमनगरात आला. इंदूबाईनं बसल्याजागी रोजी वाढवून सांगितली आणि वर म्हटलं, वावरातली विहीर आमालेही शेंदू द्यावी लागन, वरून वंजळीत पाणी घेणार नाई. खुशालराव हसला, गाडीला किक मारून निघून गेला. टोळी घरी बसली. दुसऱ्या दिवशी बसली, पुढच्या हप्त्यात बसली. त्या साली खुशालरावाच्या वावरात गवतात कपाशी शोधावी लागत होती. बाया रस्त्यावर उभ्या राहून ते रान पाहायला जायच्या आणि पदर तोंडात घालून हसायच्या. हसणं गोड होतं, खोटं कशाला बोला. पिढ्यांचं साठलेलं हसू होतं ते.

पुढच्या जयंतीला विहारात पंचशील झालं, आणि इंदूबाई तशीच उभी राहिली. बाबासाहेबांच्या फोटोकडं हात करून म्हणाली, "आजपासून आपल्या टोळीतली एकही बाई पोटच्या पोरीले वावरात नेणार नाई. उपाशी राहीन, पन नेणार नाई. बोला." सगळ्या बायांनी हात वर केले. शेजारच्या जमुनानं दोन्ही केले.

या उन्हाळ्याच्या शेवटी प्रयोग संपला. संस्थेनं मंडपात सगळ्यांना रोपटं आणि पेढा दिला, आभार मानले, आणि गाडीत बसून निघून गेली. मुदत आधीच सांगितलेली होती, फसवलं कोणी नाही. पण महिन्याच्या महिन्याला उगवणारी गोष्ट एक दिवस उगवणार नाही, हे माणसाला सांगून कळत नसतं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा जानराव दारात खाटेवर बसला होता. इंदूबाईनं ओटीतला तरोटा सुपात टाकला.

"भेटलं का?" त्यानं विचारलं.

"कायचं भेटते. सगळीकडं औषध."

"मंग उद्या आलेगावच्या शिवाराले जाऊन पाय."

"तिकडून कालच जमुना आली. तिकडंही तेच."

रेशनचा तांदूळ होता म्हणून चूल बंद पडली नाही. पण नुसत्या तांदळावर घर चालत नाही. तेल संपलं, मग साबण संपला, मग जानरावाच्या पाठीच्या गोळ्या संपल्या. नीलमनं एसटीचा पास काढला नाही. मैत्रिणीच्या स्कुटीवर जमते म्हणाली. ती फाट्यावरून कोणाच्याही गाडीला हात दाखवते, हे इंदूबाईला दुसऱ्याच बाईकडून कळलं. त्या रात्री तिला काही जेवण गेलं नाही.

श्रावणात प्रणाली आली. संस्थेची पाहणी करणारी पोरगी ती, अमरावतीची, तीन वर्षांत घरच्यासारखी झालेली. हातात टॅब, खांद्याला पिशवी. इंदूबाईनं तिला कोरा चहा दिला आणि दूध नासलं म्हणून सांगितलं.

"काकू, हा शेवटचा सर्व्हे आहे," प्रणाली म्हणाली. "मदत बंद झाल्यावर पुढे काय परिणाम राहतात, ते बघायचंय. गेल्या महिन्यात तुम्हाला काळजी कितीदा वाटली? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

"तुले जे बरं दिसन ते लिव."

"असं नाही चालत काकू. तुम्ही सांगायचं."

इंदूबाईनं सूप बाजूला ठेवलं. "सांगू? मंग आईक. पैसा वाईट नव्हता माय. कोणी वाईट म्हनन तं मी त्याच्या तोंडावर सांगतो, नव्हता. या माणसाची पाठ त्यानं बसवली. मी रात्रभर झोपत होती. पैले मी झोपेतही निंदत होती, हे इचार याईले. पोरगी शिकली."

"मग तोटा काही झाला असं वाटतं?"

"तोटा तुया यंत्रात मावते का?" तिनं टॅबकडं बोट केलं. "तुमी आमाले नाई म्हनाची ताकद देली. भल्ली गोडी लागली आमाले त्याची. पन नाई कोणाले म्हनतात? जो इचाराले येते त्याले. आता कोणी इचाराले येतच नाई. आमी घरी बसलो तवा लोकायनं आमच्याबिगर वावर कराचं शिकून घेतलं. पगार गेला, तं काम वापस याले पायजे का नाई? नाई आलं. आमी मधातल्या मधात लटकलो."

प्रणालीचं बोट टॅबवर थबकलं. तिनं पर्याय वरखाली करून पाहिले. "हे 'इतर' मध्ये टाकते," ती हळूच म्हणाली.

"टाक. आमी इतरच हावोत."

जानराव हसला. प्रणालीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. "पैसे आणखी दहा वर्षं चालले असते तर, काकू?"

"तं नीलम नर्स नाई तं मास्तरीण झाली असती, मंग मेलं जाऊ दे निंदण. जन्माचं देतो म्हना, नाई तं सुरूच करू नोका. अर्ध्या विहिरीत दोर काऊन कापता?"

प्रणाली उठली. जाता जाता उंबऱ्यात म्हणाली, "माझंही काम या महिन्याअखेर संपतंय, काकू. कंत्राट होतं." इंदूबाईनं तिच्या ओटीत मूठभर तांदूळ घातले, दुसरं घरात काही नव्हतं.

पोळा झाल्यावर इंदूबाईनं मनाचा धोंडा केला आणि खुशालरावाच्या घरी गेली. रोजी वाढवून मागितल्यापासून ती त्या दारात गेली नव्हती. गोठा रिकामा होता. ज्या खुंट्यांना जानराव बैल बांधायचा, तिथं निळे पंप टांगले होते. खुशालराव अंगणात खुर्चीवर बसला होता.

"ये, इंदू. बस."

ती ओट्याच्या कडेला बसली. "भाऊ, काई काम असन तं सांगा. रोजी पैलेचीच द्या."

ती असं म्हणाली आणि तिचे कान गरम झाले. खुशालरावाला हसायची पूर्ण संधी होती. तो हसला नाही, हेच तिला जास्त लागलं.

"तुले वाटत असन, मी डूख धरला. नाई वो. पैल्या साली तुमी बसल्या तवा मी वावरात जाऊन रडलो, माणसाची जात असून. मंग इचार केला. आमच्या घरात सात माणसं. तुले पगार भेटला तसा आमा सातायलेही भेटलाच ना. त्याच पैशात हे पंप आणले. औषध सोसणारं बी आणलं. बैल इकले. आता वावराले ना सालदार लागत, ना टोळी. काम असतं तं तुले नाई म्हनलं नसतं."

इंदूबाई पंपांकडं पाहत राहिली. एकाच नळाचं पाणी तिच्याही घरात आलं होतं आणि याच्याही. तिनं ते पिऊन टाकलं होतं, त्यानं त्यावर मोट चालवली होती. यात त्याचा दोष काय, हे तिला सापडेना. दोष सापडला असता तर निदान शिवी देता आली असती.

"एक काम हाय," खुशालराव म्हणाला. "नाल्यापलीकडच्या वावरात यंदा कंपनीचा बियाण्याचा प्लॉट घेतला. क्रॉसिंग करा लागते. दुपारून कळ्या सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाऊन त्याच्यावर नराचं फूल फिरवायचं. दोन महिने रोज. पैसे चांगले हायेत. करून पायतं का?"

त्यानं बायकोला हाक मारली. तिनं कळ्यांची एक फांदी आणून इंदूबाईच्या हातात दिली आणि एक कळी सोलून दाखवली. अंगठ्याच्या नखानं कळीला गोल चीर द्यायची, पाकळ्यांसकट आतले पिवळे दाणे टोपीसारखे अलगद उतरवायचे, आणि मधली नाजूक काडी तशीच उभी ठेवायची. त्या काडीला धक्का लागला की बोंड गेलं.

इंदूबाईनं कळी धरली. कळी तिला धूसर दिसत होती. तिनं ती लांब धरली, मग जवळ आणली. जाड, चिरलेलं नख कळीत रुतलं आणि काडी मोडली. दुसरी कळी घेतली. तिचाही चेंदा झाला. तिच्या कपाळावर घाम आला. ज्या हातांनी कपाशीच्या मुळाला न दुखवता त्याला खेटून उगवलेलं गवत उपटलं होतं, त्या हातांना एक कळी सोलता येईना. तिसऱ्या कळीला खुशालरावाच्या बायकोनं तिचा हात धरला. "राहू दे इंदू. याले लेकीचे हात लागतात."

"तेच सांगून राहिलो," खुशालराव म्हणाला. "नीलमले धाड. तुया टोळीतल्या पोरी जमव. त्याईचे डोये कोवळे, बोटं बारीक. तुले वरून मुकादमी देतो."

"आमच्या पोरी वावरात येत नाई, भाऊ."

"मले माईत हाय. मी कोठी जबरदस्ती करून राहिलो? फुलं काई थांबत नाई. चार रोज वाट पायतो, मंग मेळघाटातून टोळी आणतो."

ती उठली. अंगणात पडलेल्या तिन्ही कळ्या तिनं उगाचच वेचून कचऱ्यात टाकल्या.

घरी तिनं जानरावाला सगळं सांगितलं. तो खाटेवरून उठून ताठ उभा राहिला. मग म्हणाला, "पोरीले धाडू नोको. मी पंप घेतो."

"पाठ?"

"बरी झाली ना. झाली नाई का बरी?"

दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या एका कास्तकाराच्या वावरात फवारायला गेला. भरलेला पंप पाठीवर, चिखलात पाय, दिवसभर हात वरखाली. जे औषध बायकोचं काम खाऊन गेलं, तेच तो गवतावर मारत होता, आणि हे दोघांनाही कळत होतं. संध्याकाळी यायचा तेव्हा अंगाला तोच वास. तो आधी नहाणीत जायचा, राखेनं हात घासायचा आणि मगच भाकरीला बसायचा. पाठ कशी आहे, असं इंदूबाईनं विचारलं की म्हणायचा, "एकदमच हलकी."

तिसऱ्या दिवशी त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून आणलं तेव्हा भर दुपार होती. पंप भरून उठताना त्याच्या पाठीत काहीतरी कटकन झालं होतं. तो पंपासकट गुडघ्यावर आला, आणि पट्टे खांद्यात अडकल्यामुळं तसाच राहिला. लोक येईपर्यंत औषध मानेवरून पाठीवर गळत होतं. खाटेवर टाकताना तो लहान लेकरासारखा ओरडला. कास्तकारानं त्या दिवसापर्यंतची मजुरी आणि वर शंभर रुपये उशाशी ठेवले. माणूस चांगलाच म्हणायचा.

जानराव कुशीवर वळू शकत नव्हता. इंदूबाईनं आणि नीलमनं त्याचं अंग पुसून काढलं. लघवीला डबा धरायची वेळ आली तेव्हा त्यानं पोरीला बाहेर जायला सांगितलं. नीलम बाहेर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आतून बापाचं रडणं ऐकू येत होतं. बैलासारखा राबलेला माणूस, पण त्याचं रडणं तिनं आधी कधी ऐकलं नव्हतं.

तिन्हीसांजेला जमुना आली. तिची वर्षाली नीलमच्याच वर्गात होती. जमुना खाटेकडं पाहून हळहळली, मग चुलीपाशी येऊन बसली आणि चुलीशीच बोलली.

"इंदूबाई, मले खुशालरावानं सांगाले पाठवलं नाई, पयलेच सांगतो. पन त्या कळ्यांच्या कामाचं सगळ्या बाया इचारून राहिल्या. कोणाच्याच घरात काई नाई. तू म्हनशीन तं आमी थांबू. मेलो तरी थांबू. शपथ तू देली, तूच सोड नाई तं तूच धर."

"मायावर काऊन टाकता वो?"

"मंग कोणावर टाकावं? त्या दिवशी उभी तू राहिली होती."

जमुना गेली. नीलम चुलीपुढं बसली.

"माय, उद्यापासून मीच जाईन."

"थोबाड फोडीन. पुस्तक घे."

"बाबाले अकोल्याले न्यावं लागन. कशात नेतं? तरोट्याच्या भाजीत?"

इंदूबाईचा हात उठला आणि पोरीच्या गालावर बसला. नीलम हलली नाही. गाल लाल झाला, पण आवाज तसाच राहिला. "अजून मार. पन उद्या मी जाणार. दोन महिन्याचं तं काम हाय. दिवाळीनंतर जाईन वापस कॉलेजात."

इंदूबाईनं तिच्याकडं पाहिलं. इंदूबाई चौथीत होती तेव्हा तिची मायही असंच म्हणाली होती, वेचणी होईस्तोवर चल, मंग जाजो शाळेत. तिची पाटी तशीच राहिली. ती पोरीला हे सांगणार होती. पण सांगून काय होणार होतं? पोरगी खुळी नव्हती. तिलाही माहीत होतं, की दिवाळीनंतर तूर येते, तुरीनंतर हरभरा येतो. तिनं दिवाळी म्हटलं ते आईसाठी म्हटलं होतं.

"कळी सोलताना नख वाढवून ठेवा लागते," इंदूबाई शेवटी म्हणाली. "तुये नखं लहान हायेत."

"वाढतीन."

इंदूबाई उठून बाहेर आली. विहार तिथून दिसायचा. दार बंद होतं, आत बल्ब जळत होता. तिला वाटलं, जावं, आत जाऊन उभं राहावं, काहीतरी बोलावं. पण काय बोलायचं ते सुचेना. बाबासाहेबांपुढं खोटं बोलायची तिच्या बापाचीही छाती नव्हती. तिनं लांबूनच हात जोडले आणि हात खाली येताना तिच्या तोंडून हुंदका फुटला.

सकाळी तिनं भाकरी बांधली. नीलमनं कॉलेजचा पांढरा स्कार्फ तोंडाला गुंडाळला, वर बापाचा जुना सदरा चढवला. जानरावानं खाटेवरून तिच्याकडं पाहिलं, मग तोंड भिंतीकडं करायला गेला, पण त्याला वळता येईना. त्यानं नुसते डोळे मिटून घेतले.

नीलम उंबरा ओलांडून रस्त्यावर आली. इंदूबाई दारातच थांबली. पोरीमागं जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

जमुनाचं दार वाजलं. वर्षाली बाहेर आली, तोंड बांधलेली, हातात डबा. तिच्या पलीकडचं दार उघडलं. मग समोरच्या ओळीतलं. मग खालच्या गल्लीतून दोघी जोडीनं आल्या. सगळ्यांनी डबे आधीच बांधून ठेवले होते, सगळ्या इंदूबाईच्या दाराचा कानोसा घेत बसल्या होत्या. एकाही पोरीची माय बाहेर आली नाही. भीमनगराच्या तोंडाशी पोरींचा घोळका झाला. एरवी फाट्यावर उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज गावभर जायचा. आज नुसते डबे वाजत होते.

त्या तिथंच थांबल्या. इंदूबाईला वाटलं, कचरल्या असतील, परत फिरतील. 

नीलमनं मागं वळून पाहिलं.

"माय," ती म्हणाली, "नाल्यापलीकडं जाले वाट कोणती? आमच्यातल्या कोणालेच माईत नाई."

खरंच होतं. या पोरींना पातूरची वाट माहीत होती, अकोल्याच्या बसचं टायमिंग पाठ होतं. पायवाट कोणाच्या धुऱ्यानं जाते, नाला कुठं उथळ आहे, काटे कुठं टाकलेत, हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. इंदूबाईनंच दाखवू दिलं नव्हतं.

सगळ्या पोरी तिच्याकडं पाहत होत्या. इंदूबाईनं पदर डोक्यावरून घेतला, कमरेला खोचला, आणि त्यांच्या पुढं होऊन चालायला लागली.